चांगदेवांचे कोरे पत्र : भेद, अभेद आणि ओळख

तापी आणि पूर्णा या नद्यांचा जेथे संगम होतो, तेथे चांगदेव नावाचे गाव आहे. जळगाव जिल्ह्याच्या मुक्ताईनगर तालुक्यातील या गावी चांगदेवांचे प्राचीन मंदिर उभे आहे. या योगिराजांची कथा आपल्या वाचकांनी शाळेतच ऐकलेली असेल. ज्ञानदेवांची कीर्ती कानी आल्यावर चांगदेवांना त्यांस पत्र लिहावेसे वाटले. लेखणी हाती घेतली आणि ती मायन्यापाशीच अडली. आपण चौदाशे वर्षांचे, तो पोरसवदा. म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने तो थोर. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर वयाचा मान आडवा येतो. अखेर त्यांनी कोरा कागदच पाठवून दिला. तो पाहून मुक्ताबाईंनी, इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असा टोमणा मारला, अशी परंपरा सांगते. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी ज्या पासष्ट ओव्या लिहिल्या, ती ‘चांगदेव पासष्टी’.

या कथेला इतिहासाची कसोटी लावण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रस्तुत लेखकाला तिच्यातील अडचण महत्त्वाची वाटते. समोरच्या माणसाहून आपण कोणत्या बाबतीत वेगळे आहोत, हे ठरत नसेल तर पत्राचा पहिला शब्दही लिहिता येत नाही. भेद मिटला की वाणी मोकळी होते, असे आपण मानतो. येथे तर भेद अनिश्चित होताच कागद कोरा राहिला.

भेद आणि अभेद हा आपल्याकडील तत्त्वचिंतनाचा जुना प्रश्न आहे, आणि गेल्या शतकात युरोपातील विचारवंतांनीही पारंपरिक सत्ताशास्त्राची झडती घेताना याच प्रश्नावर बोट ठेवले. ‘सत्ताशास्त्र’ या शब्दाने वाचकाने बिचकू नये. जे जे आहे, ते ‘आहे’ म्हणजे काय, याचा विचार करणारे ते शास्त्र. आमच्या खानदेशात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मोठ्या ताकदीने मांडल्या गेल्या, एक अमळनेरला आणि दुसरी धुळ्याला. या दोन गावांत एसटीने तासाभराचे अंतर आहे. विचारांतील अंतर मात्र आजवर कोणी नीट मोजलेले माझ्या वाचनात नाही.

आधी शब्दांविषयी थोडे. मराठीत ‘भेद’ हा शब्द दुहेरी आहे. आंबा आणि चिंच यांतील फरक हाही भेद, आणि पंगतीत कोणाला दूर बसवणे हाही भेदच. त्यामुळे ‘भेद नाहीसा करा’ असे कोणी म्हटले की आपण लगेच मान डोलावतो. पण यांपैकी कोणता भेद, हे विचारायचे राहून जाते. अद्वैत वेदान्ताने भेदाचे तीन प्रकार सांगितले. एका झाडाचा दुसऱ्या झाडाशी असतो तो सजातीय भेद. झाडाचा दगडाशी असतो तो विजातीय. आणि झाडाचा स्वतःच्याच पानाफुलांशी, फांद्यांशी असतो तो स्वगत. ब्रह्माच्या ठायी हे तिन्ही भेद नाहीत, हा अद्वैताचा सिद्धांत.

सजातीय भेदाचे उदाहरण आमच्या जिल्ह्यात शेतोशेत उभे आहे. रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागांत आज टिश्यूकल्चरची रोपे लावतात. ती सारी एकाच मूळ रोपापासून वाढवलेली असतात. वाण एक, गुण एक, घड धरण्याचा काळही जवळजवळ एक. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स याचे म्हणणे असे होते की सर्वस्वी एकसारख्या दोन वस्तू जगात असूच शकत नाहीत. त्याने सांगितलेल्या हकिकतीत एक गृहस्थ राजोद्यानात हुबेहूब सारखी दोन पाने शोधत हिंडतो आणि हात हलवीत परततो. आमच्या केळीबागेतही तो तसाच परतला असता. रोपे एकाच मुळाची असली तरी बांधालगतचे झाड वाऱ्याने फाटते आणि ठिबकच्या नळीजवळचे फोफावते. शेतकऱ्याच्या तोंडी यासाठी दोन साधे शब्द आहेत : ‘तोच’ आणि ‘तसाच’. हे झाड शेजारच्या झाडासारखेच आहे, पण तेच नाही.

आता अमळनेरकडे वळू. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून तेथे १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. कापसाच्या बाजारपेठेच्या गावात एका व्यापाऱ्याने शुद्ध तत्त्वचिंतनासाठी संस्था काढावी, विद्वानांना बोलावून त्यांच्या राहण्याखाण्याची चिंता मिटवावी, ही घटना आजही नवलाची वाटते. आजच्या पिढीला अमळनेर ठाऊक असते ते १९४५ साली तेथे वनस्पती तुपापासून सुरू झालेल्या एका कंपनीच्या शेअरमुळे! साने गुरुजी १९२३ साली याच मंदिरात अध्ययनाला आले होते. पण त्यांचा जीव रमला तो प्रताप हायस्कूलच्या मुलांत आणि वसतिगृहात. यालाही मी एक तात्त्विक निवड समजतो, पण तो विषय वेगळा.

या संस्थेने १९२५ पासून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक चालवले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा ‘द सब्जेक्ट अॅज फ्रीडम’ हा ग्रंथ १९३० साली अमळनेरहूनच प्रसिद्ध झाला. घनशामदास मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती हे तिघे येथे एकत्र काम करीत होते आणि १९३३ साली त्यांचा ‘अज्ञान’ हा इंग्रजी ग्रंथ निघाला. अद्वैतापुढील सर्वांत अवघड प्रश्न तोच आहे. सर्व काही एक आहे, तर अनेक दिसते कसे? अज्ञानामुळे. मग ते अज्ञान कोणाचे? ब्रह्माचे म्हणावे, तर ज्ञानस्वरूपाला अज्ञान कसे? जीवाचे म्हणावे, तर जीव हाच मुळी अज्ञानाचा परिणाम.

अद्वैत्यांनी भेदावर जो हल्ला चढवला, तो समजून घेण्याजोगा आहे. मंडनमिश्रांपासून श्रीहर्षापर्यंत युक्तिवादाचा गाभा असा : घट हा पटाहून वेगळा आहे हे कळण्यासाठी पट आधी कळायला हवा, पट वेगळा म्हणून कळण्यासाठी घट आधी कळायला हवा. दोघे एकमेकांवर टेकून उभे, म्हणजे खरे पाहता कोणीच उभे नाही. भेद प्रत्यक्ष दिसत नाही. दिसते ती नुसती सत्ता, आणि भेद आपण मागाहून जोडतो. सेमिनरीत हा युक्तिवाद प्रथम वाचला तेव्हा मला तो शब्दच्छल वाटला होता. आज तसे वाटत नाही. भेदाला स्वतःचे पाय नाहीत, तो नेहमी दोघांच्या मध्ये असतो, हे त्यांनी अचूक हेरले. मात्र दोघांच्या मध्ये असणे म्हणजे नसणे, हा जो निष्कर्ष त्यांनी काढला, तेथे माझा पाय अडखळतो.

‘अज्ञान’ ग्रंथाविषयी माझे मत सांगतो. अभेदाचे माहेरघर म्हणावे अशा ठिकाणी राहणाऱ्या तिघांना अज्ञानावर तीन स्वतंत्र निबंध लिहावे लागले, हेच त्या ग्रंथाचे मोठे वैभव आहे. मलकानी अखेरपर्यंत अद्वैताचे निष्ठावंत राहिले. मूर्ती पुढे माध्यमिक बौद्ध दर्शनाकडे वळले आणि १९५५ साली त्या विषयावर त्यांनी गाजलेला ग्रंथ लिहिला. भट्टाचार्यांनी तर १९३४ मध्ये याच त्रैमासिकात केवलतत्त्वाच्या पर्यायी रूपांवर निबंध लिहून, सत्य, स्वातंत्र्य आणि मूल्य ही त्याची रूपे एका माळेत ओवता येत नाहीत, त्यांच्यात ‘किंवा’ राहतोच, असे दाखवले. अद्वैताच्या गाभाऱ्यातच हा ‘किंवा’ उभा राहिला. भट्टाचार्यांच्या लेखनातील हे स्थळ मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

एक तक्रार मात्र नोंदवली पाहिजे. हे सारे इंग्रजीत झाले. बोरी नदीच्या काठी जगाच्या एकत्वाचा विचार चालला होता आणि नदीवर धुणे धुणाऱ्या बाईला त्याची वार्ता नव्हती. त्याहून खेदाची गोष्ट अशी की ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’त अज्ञानखंडनाचे एक संपूर्ण प्रकरण मराठीत लिहून ठेवले होते. अज्ञान नावाची वेगळी वस्तू मानण्याची गरजच नाही, हा त्यांचा पवित्रा. तो केंद्रस्थानी ठेवून ही चर्चा झाली असती, तर अमळनेरला एक वेगळेच तत्त्वज्ञान घडले असते. ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ १९६६ साली थांबले. १९७३ पासून पुणे विद्यापीठाने ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’च्या रूपाने तो वारसा पुढे नेला, त्याचीही भाषा इंग्रजीच.

युरोपात या प्रश्नाला जे वळण लागले, त्याचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण धुळ्याकडे जाताना तो उपयोगी पडेल. मार्टिन हायडेगर याने १९५७ साली दिलेली दोन व्याख्याने ‘अभिन्नता आणि भिन्नता’ अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाली. तर्कशास्त्र ‘अ म्हणजे अ’ असे लिहिते तेव्हा त्याला दोन ‘अ’ लागतात, ही साधी गोष्ट त्याने पुढे आणली. दोन वस्तूंचे सारखेपण वेगळे आणि एकाच वस्तूचे तेच असणे वेगळे. आपल्या ‘तोच’ आणि ‘तसाच’ यांमधील हा फरक पाश्चात्त्य सत्ताशास्त्राने पुसून टाकला, असा त्याचा आरोप होता. त्याहून गंभीर आरोप आम्हा धर्मगुरूंना झोंबणारा आहे. या शास्त्राने देवाला सर्व अस्तित्वाचे आदिकारण म्हणून साखळीच्या टोकाला बसवले. अशा देवापुढे माणूस गुडघे टेकू शकत नाही, गाऊ-नाचूही शकत नाही, असे त्याने म्हटले. पुढे १९६८ साली जाक देरिदा या फ्रेंच विचारवंताने ‘भेद’ या अर्थाच्या शब्दातील एक अक्षर मुद्दाम बदलले. बदल लिहिताना दिसतो, ऐकताना कळत नाही. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत ऐकताना फारसा फरक जाणवत नाही, कागदावर मात्र एक दिवस असतो आणि एक गरीब, तसेच काहीसे. अर्थ हा शब्दाच्या पोटात नसून इतर शब्दांहून असलेल्या वेगळेपणात असतो, हे त्याला दाखवायचे होते. येथे एक कडू गोष्ट विसरू नये. ‘अज्ञान’ ग्रंथ ज्या १९३३ साली निघाला, त्याच वर्षी हायडेगर नाझी पक्षाचा सभासद झाला. भेदाचे तत्त्वज्ञान लिहिणारा माणूस भिन्न माणसांच्या बाजूने उभा राहीलच, याची खात्री देता येत नाही.

शब्दाचा अर्थ वेगळेपणातून लागतो, हा विचार भारतात नवा नाही. बौद्ध आचार्य दिङ्नाग यांनी पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास अपोहवाद मांडला. ‘गाय’ हा शब्द सर्व गाईंत वसणारे एखादे ‘गोत्व’ दाखवीत नाही, तर जे गाय नाही ते वगळतो. प्रत्यक्षात असते ती ही गाय, ती गाय, प्रत्येकीचे स्वलक्षण वेगळे. या दिङ्नागाला धुळ्यात एक अनपेक्षित वारस मिळाला : कॉम्रेड शरद पाटील (१९२५–२०१४). मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून १९७८ साली त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. पाणिनी मुळातून वाचता यावा म्हणून संस्कृत शिकले. ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ लिहिली. १९८८ च्या ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या ग्रंथात त्यांनी दिङ्नाग-धर्मकीर्तींच्या प्रमाणशास्त्राला साहित्यविचारात आणले. आदिवासींच्या जमिनीसाठी मोर्चे काढणाऱ्या कार्यकर्त्याने बौद्ध न्यायशास्त्र उघडून बसावे, हे दृश्य अमळनेरच्या दृश्याइतकेच दुर्मीळ आहे.

पाटलांचा मुद्दा सरळ आहे. ज्या समाजात माणसे जन्माने एकमेकांपासून तोडलेली आहेत, तेथे ‘सर्वं एकच’ म्हणणारे तत्त्वज्ञान त्या तोडण्याला धक्का लावत नाही. अभेद वर आकाशात राहतो, भेद खाली विहिरीवर. भारतीय विचारात ब्राह्मणी आणि अब्राह्मणी अशा दोन धारांचा संघर्ष आरंभापासून चालत आला आहे, असे त्यांचे प्रतिपादन.

हे वाचताना एका धर्मग्रामातील माझी स्वतःची चूक आठवते. सातपुड्याच्या पायथ्याकडील पावरा आणि भिल्ल कुटुंबे, आणि गावात नोकरीनिमित्त आलेली मराठी, गोवेकर, मंगळूरची कुटुंबे असा तो धर्मग्राम होता. वार्षिक सणाच्या मिस्साला दोन गायकवृंद गात. एका वर्षी सल्लागार मंडळात सूचना आली की आपण एक आहोत हे दिसावे म्हणून वृंदही एकच असावा. मला ती फार आवडली. एकच वृंद गायला, अर्थातच गावातला, आणि त्या वर्षी ढोल वाजला नाही. प्रवचनात मी ऐक्याविषयी बोललो. मिस्सा संपल्यावर पाड्यावरची एक आजी दाराशी थांबली होती. “फादर, आपण सगळे एक म्हणता. मग गाणं दर वेळी तुमचंच का?” वेळ कमी होता, असे काहीतरी मी उत्तर दिले. शरद पाटलांचे ग्रंथ त्यानंतर वाचले. पण त्यांचा मुद्दा त्या आजीने मला आधीच शिकवला होता.

तरीही पाटलांशी मला वाद घालावासा वाटतो, आणि तो त्यांच्याच दिङ्नागाच्या आधारे. ‘अब्राह्मणी’ या शब्दाकडे पाहा. तो अपोहाचा उत्तम नमुना आहे : जे ब्राह्मणी नाही ते. चार्वाक, बौद्ध, शाक्त, संत, लोकगीते, सारे या एका शब्दात बसते; पण त्यांना एकत्र धरून ठेवते ते वगळलेल्याचे नाव. ज्याला नाकारायचे, त्याच्याच नावाने उभे राहावे लागते. शिवाय दोन धारा ठरवल्या की प्रत्येक धारेच्या आत पुन्हा अभेद गृहीत धरला जातो. स्वलक्षणाचा आग्रह धरणाऱ्या दर्शनाने इतकी माणसे दोनच गोण्यांत भरावीत, हे मला पटत नाही. पाड्यावरच्या आजीला ‘अब्राह्मणी’ म्हटले, तर तिचा ढोल ऐकू येतो, असे नाही.

मग आमच्या परंपरेपाशी काय आहे? पोप तेरावे लिओ यांनी १८७९ साली संत थॉमस अक्वायनस यांचे तत्त्वज्ञान सेमिनरींच्या शिक्षणाचा पाया ठरवले, आणि आमच्यापैकी बहुतेकांनी ते परीक्षेपुरते पाठ केले. हायडेगरचा आरोप पाठांतराच्या त्या थॉमसवादाला लागू पडतो, हे मान्य केले पाहिजे. पण मूळ थॉमस अधिक खोल आहेत. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने म्हटले होते की निर्माता आणि निर्मिती यांत साम्य कितीही दाखवा, वैषम्य त्याहून मोठेच असते. थॉमस त्याच वाटेने जातात. त्रैक्याविषयी लिहिताना ते म्हणतात की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यात स्वरूपाचा काडीमात्र भेद नाही. ते भिन्न आहेत ते केवळ एकमेकांशी असलेल्या संबंधामुळे, आणि तो संबंध खरा आहे. वर सांगितलेल्या तीन भेदांत हा भेद बसत नाही. तो सजातीय नाही, विजातीय नाही, आणि झाड-फांदीसारखा स्वगतही नाही. त्याला ‘संबंधगत भेद’ म्हणावे, असे मी सुचवतो. अद्वैत्यांनी म्हटले, भेद दोघांच्या मध्ये असतो म्हणून खोटा. थॉमस यांचे उत्तर असे निघते की दोघांच्या मध्ये असते, तेही खरे असू शकते.

या दोन परंपरांना समोरासमोर बसवण्याचा मोठा प्रयत्न पुण्याच्या रिचर्ड डी स्मेट या येशूसंघीय फादरांनी केला. त्यांचा जन्म १९१६ चा, म्हणजे तत्त्वज्ञान मंदिराच्याच वयाचे. निधन १९९७ साली. शंकराचार्यांच्या ‘तादात्म्य’ या शब्दाचा अर्थ सरसकट एकरूप होणे असा नसून, ‘ते’ ज्याचा आत्मा आहे असे असणे, हा अर्थ त्यांनी पुढे ठेवला. जग ब्रह्मावर सर्वस्वी अवलंबून आहे, ब्रह्म जगावर नाही. या एकतर्फी संबंधालाच आचार्य अद्वैत म्हणतात, अशी त्यांची मांडणी. वाचताना मन प्रसन्न होते, आणि नेमके म्हणूनच मी सावध होतो. डी स्मेट यांचे शंकराचार्य कधी कधी थॉमस यांच्यासारखे इतके बोलू लागतात की पाहुणा आपल्याच घरातला निघाला, असे वाटावे. मलकानींनी ते शंकराचार्य स्वीकारले असते, असे मला वाटत नाही. परक्याला परका राहू देऊन त्याच्याशी बोलणे कठीण असते. तेथे आम्हीही अमळनेरकरांसारखेच अभेदाच्या मोहात सापडतो.

म्हणून पुन्हा पासष्टीकडे येतो. तिचा सिद्धांत अभेदाचा आहे, यात शंका नाही. पाहणारा, पाहणे आणि पाहिले जाणारे हे एकच. मिठाचा खडा पाण्याचा ठाव घ्यायला गेला तर स्वतःच उरत नाही. पण ही पासष्टी पत्र म्हणून वाचली की तिच्यात दुसरे काही दिसू लागते. चांगदेवांना जो मायना सुचला नाही, तो ज्ञानदेवांना सुचला. त्यांनी ना ‘चिरंजीव’ म्हटले, ना ‘तीर्थरूप’. त्यांनी नावाने हाक मारली, ‘चांगया’ अशी, आणि तू वटेश्वराचा पुत्र, अशी त्याला त्याच्या नात्याची आठवण दिली. थोर की लहान हा भेद ओलांडताना नाव आणि नाते मात्र त्यांनी पुसले नाही.

आपल्या भाषेत ‘ओळख’ या शब्दाचेही दोन अर्थ आहेत. माझी ओळख म्हणजे मी कोण ते. आणि त्याची-माझी ओळख आहे, म्हणजे आम्ही एकमेकांना जाणतो. पहिली ओळख दुसरीशिवाय होते, असे मराठी भाषा तरी मानत नाही. पासष्टीच्या शेवटाकडे ज्ञानदेव आपल्याला आणि चांगदेवांना एकमेकांसमोर धरलेल्या दोन आरशांची उपमा देतात. हे आरसे पाहूही शकतात, आणि पाहता पाहता त्यांच्यातील भेद सुटतो. अद्वैताचे भाष्यकार या ओवीतून भेद सुटल्याचे तेवढे उचलतात. माझे लक्ष जाते ते आरसे दोन आहेत, याकडे. त्यांतला एक काढून घेतला, तर दुसऱ्यात काय दिसेल, याविषयी ज्ञानदेवांनी ओवी लिहिलेली नाही.